खालाला वाचून दाखवलेल्या पाच रात्री



मला इथं वाचनावर बोलायला सांगितलंय. पण गेल्या महिन्यातल्या ज्या आठवड्याबद्दल मी बोलणार आहे, त्यात मी स्वतःसाठी एक पानही वाचलं नाही. दिवसा ऐकलं आणि रात्री वाचून दाखवलं.

एका प्रशिक्षणासाठी मला सहा दिवस नांदेडहून लातूरला जाऊन राहायचं होतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी निवांत जाते. सोमवारी सकाळी कानात इअरफोन घातले आणि एक मराठी कादंबरी लावली. स्टोरीटेलसारखं ॲप २०१७ च्या अखेरीस भारतात आलं, तेव्हापासून मराठी पुस्तकं कानांनी ऐकायची सवय बऱ्याच जणांना लागलीय. मलाही लागली. खिडकीबाहेर सोयाबीनची शेतं आणि कानात गोष्ट, प्रवास कधी सरला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. कादंबरीत एक मुसलमान फळवाला येतो. वाचणाऱ्याने त्याचा आवाज एकदम जाड केला आणि सिनेमातली हिंदी सुरू केली. माझे मामा फळं विकतात. गिऱ्हाइकाशी ते अस्सल लातुरी मराठी बोलतात. मी ती कादंबरी तिथंच थांबवली.

मुक्काम खालाकडे होता. खाला चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकली. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, दरबाराची आणि शाळेची भाषा उर्दू. राज्य गेलं, कचेरीतले कागद मराठी झाले, पण आपल्या कितीतरी घरांत मुली उर्दूच शिकत राहिल्या. खाला मराठी फर्डी बोलते, बाजारात भाव करते, पण मराठी वाचता येत नाही. माझ्या पिशवीत साने गुरुजींची ‘श्यामची आई’ होती. रात्री झोपताना तिनं विचारलं, “काय वाचायलीस? मोठ्यानं वाच की.”

हे पुस्तक रात्री ऐकण्यासाठीच रचलेलं आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलं. आम्ही रोज दोन प्रकरणं वाचायची ठरवलं.

तिसऱ्या रात्री तो प्रसंग आला. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई आपलं ओलं लुगडं पसरते. पायाला जपतोस तसं मनालाही जप, असं ती त्याला सांगते. खाला उठून बसली. “वुजू के बाद हमारी अम्मा भी ऐसाच बोलती थी,” म्हणाली. कोकणातल्या ब्राह्मण घरातली आई आणि लातूरच्या गल्लीतली माझी नानी त्या रात्री एका उशीपाशी येऊन बसल्या. हे मला एकटीनं वाचताना कधी सुचलं नव्हतं.

चौथ्या रात्री मला झोप येत होती. मी मधला एक परिच्छेद गाळला. खाला लगेच म्हणाली, “बीच का छोडी ना तू?” मी हसले. ती हसली नाही.

मग तिनं अंधारात सांगितलं. नाना गेल्यावर घरातल्याच एकानं तिच्यापुढं मराठी कागद ठेवला होता. त्यानं तो मोठ्यानं वाचूनही दाखवला. वारसाची नोंद करायचीय, एवढंच तिला ऐकू आलं. तिनं उर्दूत सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. शेतातला तिचा हिस्सा त्या सहीनं गेला. “उने भी बीच का छोड दिया था,” ती म्हणाली.

दोस्तांनो, शरियतनं मुलीला वारसा दिलाय आणि या देशाचा कायदाही तो मानतो. खालाचा हिस्सा एका वाचणाऱ्यानं गाळलेल्या ओळींत गेला. मी गाळलेला परिच्छेद साधा निसर्गवर्णनाचा होता, पण मी मागं जाऊन तो वाचला.

शनिवारी निघताना दहा रात्री झाल्या होत्या. “बाकी के बत्तीस?” तिनं विचारलं. आता मी नांदेडहून रोज एक प्रकरण मोबाईलवर रेकॉर्ड करून तिला पाठवते. भाकरी थापताना ती ऐकते, शेजारच्या दोघी-तिघीही येऊन बसतात. माझा ‘ण’ आणि ‘न’ कधी कधी घोटाळा करतो, कुकरची शिट्टी येते. कुणी तक्रार केलेली नाही.

हे तुम्हालाही करता येईल. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून सर्वांना खुली आहेत. हमीद दलवाईंची ‘इंधन’ १९६५ ची, पण ते १९७७ मध्ये गेले. ती रेकॉर्ड करून पसरवायची तर २०३७ संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल. घरात बसून वाचून दाखवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याच्या आधी आणि नंतर आपल्या लोकांनी मराठीत खूप लिहिलंय. ते वाचायला आपलेच आवाज हवेत, म्हणजे फळवाला फळवाल्यासारखा बोलेल.

‘इक्रा’ या शब्दाचा अर्थ आपण ‘वाच’ असा सांगतो. त्यात मोठ्यानं म्हणणंही आहे. ज्यांना तो शब्द पहिल्यांदा सांगितला गेला, ते स्वतः अक्षर शिकलेले नव्हते. त्यामुळं ऐकणं हे वाचनापेक्षा हलकं, असं मला कुणी सांगू नये.

या आठवड्यात घरातल्या एका माणसाला रोज रात्री थोडं वाचून दाखवा. आधी गोष्ट, मग त्यांच्या पेटीतले जुने मराठी कागद. दोन्हींतलं मधलं काही सोडू नका.