पहिली प्रथिने आणि वर्गातील एक प्रश्न



सजीवापासूनच सजीव जन्मतो, असे फळ्यावर लिहून झाले की एखादा मुलगा हटकून विचारतो, "गुरुजी, मग पहिला सजीव कोणापासून जन्मला?" अशा मुलास दटावून खाली बसविण्याची चाल जुनी आहे. ती आता सोडावी, इतके या विषयातील संशोधन पुढे गेले आहे.

सजीवांच्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी होय. १९५३ साली अमेरिकेत स्टॅन्ली मिलर याने पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन काचपात्रांत कोंडून त्यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या, तेव्हा त्या पाण्यात अमिनो आम्ले आढळली. कड्यांचा प्रश्न असा काहीसा सुटला; साखळीचा मात्र राहिला. दोन कड्या जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. सभोवार पाणीच पाणी असेल तर ही जुळणी सहजासहजी होत नाही. मग समुद्रात साखळ्या झाल्या कशा?

वैतरणेच्या खाडीलगतच्या मुलांस याची उकल समजावून देणे कठीण नाही. मिठागरात भरतीचे पाणी घेतात, ते उन्हाने आटत जाते आणि त्यात विरघळलेले पदार्थ दाट होत अखेर मीठ धरते. आरंभीच्या पृथ्वीवर उष्ण झऱ्यांच्या काठची डबकी अशीच भिजत व वाळत असावीत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत सुधा राजमणी व त्यांचे सहकारी यांनी हे भिजण्या-वाळण्याचे चक्र प्रयोगशाळेत चालविले. एक अमिनो आम्ल व एक मेदद्रव्य एकत्र घेऊन ते मिश्रण उष्णतेने पुनःपुन्हा सुकविले व भिजविले. २०२१ साली प्रसिद्ध झालेले त्याचे फलित मोठे मनोरंजक आहे. एकाच पात्रात दोन गोष्टी घडल्या: काही अमिनो आम्ले एकमेकांस जुळून आखूड साखळ्या झाल्या, तर काही मेदद्रव्याच्या शेपटास जाऊन चिकटली. या दुसऱ्या प्रकारच्या पदार्थापासून आम्लयुक्त पाण्यात सूक्ष्म पिशव्या आपोआप तयार झाल्या. पेशीचे वेष्टन आधी की आतील प्रथिन आधी, या जुन्या वादात दोहोंची घडण एकत्रच चालली असावी, असा एक मार्ग यातून दिसतो.

येथे शिक्षकाने सावध राहावे. ती पिशवी सजीव नव्हे. ती अन्न घेत नाही, तिला संतती होत नाही. 'प्रयोगशाळेत जीव निर्माण केला' अशा मथळ्याची बातमी वर्गात वाचून दाखविण्यापूर्वी ती दोनदा वाचावी.

चाणाक्ष मुलगा एवढ्यावर थांबणार नाही. वैतरणेची उपनदी जी तानसा, तिच्या काठी वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. त्यांत आज नवा जीव का उपजत नाही, असे तो विचारील. याचे उत्तर डार्विनने १८७१ सालच्या एका पत्रातच सुचविले होते. एखाद्या उबदार डबक्यात आज प्रथिनासारखे काही तयार झाले, तरी तेथे आधीच असलेले जीव ते तत्काळ फस्त करतील. पहिल्या सजीवापूर्वी असे खाणारे कोणी नव्हते.