पूर्वसूरींचा इतिहास आणि ग्रंथालयाचे दार

(भिवंडी येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



धम्मदीक्षा घेतल्यावर प्रत्येक कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. घरातील जुने देव गेले, जुन्या पोथ्या गेल्या. आता मुलांच्या हाती द्यावयाचे काय? आणि ‘आपले पूर्वज कोण होते?’ असे मुलांनी विचारले, तर सांगावयाचे काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याची जागा एकच आहे, आणि ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय.

आपल्या भागात बौद्ध धम्म १९५६ साली प्रथमच आला, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. आपल्या भिवंडी तालुक्यातच लोणाड येथे बौद्ध लेणे आहे. येथून फार दूर नसलेल्या सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले, आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच सापडला. पाली परंपरेप्रमाणे बुद्धशिष्य पुण्ण हा याच सुप्पारक बंदराचा व्यापारी. आपल्या कठोर स्वभावाच्या देशबांधवांत धम्म सांगण्यासाठी तो निर्भयपणे परत आला. कान्हेरीच्या लेण्यांत तर कल्याणच्या एका लोहाराच्या दानाची नोंद कोरलेली आहे. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता. हातोडा चालवून पोट भरणारा कारागीर होता. त्याच्या काळचे कितीतरी धनिक विस्मृतीत गेले, पण त्याचे दान आजही वाचता येते. याचे कारण एकच : ते लिहिले गेले.

आता अलीकडच्या पूर्वसूरींकडे या. गोपाळबाबा वलंगकर हे कोकणातले, महाडजवळच्या रावढळचे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लेखणी हाती घेतली. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेविषयी धर्ममार्तंडांना रोखठोक प्रश्न विचारले. त्यानंतर ३५ वर्षांनी, १९२३ च्या ऑगस्टमध्ये, सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, शाळा व दवाखाने सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. हा क्रम ध्यानात ठेवा. आधी प्रश्न लिहिला गेला, मग कायदा झाला, आणि मग माणसांनी पाऊल उचलून तो कायदा खरा केला.

ग्रंथालयाचेही असेच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ साली स्थापन झाली, तेव्हा वाचनालये काढणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक होते. आज संविधानाचा १५ वा अनुच्छेद आपल्या पाठीशी आहे आणि महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. सरकारी अनुदानावर चालणारे ग्रंथालय ही कोणाची खाजगी ओसरी नव्हे. तेथे संकोचाने उंबऱ्याशी उभे राहू नका. वर्गणी भरा, सभासद व्हा, आणि हवा तो ग्रंथ नसेल तर त्याची मागणी लेखी नोंदवा.

कोणते ग्रंथ मागावेत? प्रथम ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मराठी भाषांतर घरात रोज थोडे थोडे मोठ्याने वाचावे. त्याच्या जोडीला धर्मानंद कोसंबी यांचा ‘भगवान बुद्ध’ घ्यावा. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे १८९८ सालचे बुद्धचरित्रही अवश्य पाहावे, कारण गुरुवर्य केळुसकरांनी हेच पुस्तक विद्यार्थी भीमरावांना भेट दिले होते. एका पुस्तकाने एका विद्यार्थ्याच्या मनात टाकलेले बीज पुढे केवढे वाढले, हे आपण जाणतोच.

बाबासाहेबांच्या जीवनासाठी चांगदेव भवानराव खैरमोडे यांचे अनेक खंडांचे चरित्र आहे. त्याचा पहिला खंड १९५२ साली निघाला. एवढा मोठा ग्रंथ ज्यांना झेपणार नाही, त्यांनी धनंजय कीर यांच्या चरित्रापासून आरंभ करावा. भगिनींनी, आणि तितक्याच अगत्याने पुरुषांनीही, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ ही पुस्तके वाचावीत. दुसरे पुस्तक १९८९ चे. आंबेडकरी चळवळीत झटलेल्या स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून या दोघींनी ते सिद्ध केले. ते श्रम झाले नसते, तर त्या स्त्रियांचे शब्द त्यांच्याबरोबरच गेले असते.

येथेच आपले कर्तव्य सुरू होते. भिवंडीच्या आसपासच्या गावांत पहिली दीक्षा कोणी घेतली, मेलेली ढोरे ओढण्याचे कोणी प्रथम नाकारले, त्यापायी कोणाचे काम सुटले, कोणत्या मातेने मुलीला पहिल्यांदा शाळेत धाडले, हे कोणत्या छापील ग्रंथात मिळणार? ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे, आणि ती माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत. त्यांच्यामागे जुनी पत्रे, सभांची पत्रके, छायाचित्रे रद्दीत जातात. हे नुकसान कोणत्याही अर्जाने भरून निघत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. यंत्रमागावर पाळी करून थकलेल्या माणसालाही आठवड्यातून एक तास काढता येईल. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने वही घेऊन आजीआजोबांपाशी बसावे. सांगणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि आठवेल तेवढे साल लिहावे. आठवणीत अद्भुताची भर घालू नये. अनुभवाला पटेल तेच स्वीकारावे, अशी तथागतांचीच शिकवण आहे. छापील ग्रंथाशी मेळ बसतो का, ते ग्रंथालयात जाऊन पडताळावे. वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक घरी ठेवावी आणि दुसरी ग्रंथालयाने जतन करावी असा आग्रह धरावा.

कल्याणच्या लोहाराचे दान दगडावर कोरले गेले म्हणून उरले. आपल्या आजीचे नाव कागदावर लिहिण्यास तर दगडही लागत नाही, छिन्नीही लागत नाही. तेवढे काम या पौर्णिमेपासून प्रत्येक घरात सुरू व्हावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जयभीम!