फोनमधला बटवा



वर्धापनदिनी दोन शब्द बोलावे असा मला आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली. तेव्हा मोठा विषय न घेता फोनमधल्या बटव्याविषयीच बोलते.

यूपीआय 2016 साली सुरू झाले. आज आपल्या नगरच्या कापडबाजारात जा की कोथिंबिरीच्या गाडीवर, ठिपक्यांचा तो चौकोन टांगलेलाच! सोय खरी, सुट्या पैशांची कटकट गेली. पण जाच काय थोडा आहे? आज बटण असते तेथे उद्या जाहिरात येते. कर्ज घ्या, सोने घ्या! अहो, मला मेथीचे वीस रुपये द्यावयाचे आहेत, कर्ज कशाला?

गेल्या श्रावणात किराण्याचे 640 रुपये फोनवरून दिले. दुकानातली बोलकी पेटी गप्पच! "ताई, पैसे आले नाहीत," दुकानदार चारचौघांत म्हणाला. माझ्या खात्यातून ते गेले की नाही, हे मला पाहता येईना. ते काम नेहमी मुलाचे. पिशवी तेथेच ठेवून परतले. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रात्री मुलाने पाहिले. पैसे गेले होते. पुढे कळले की, रिझर्व्ह बँकेने 2019 सालीच नियम केला आहे. दुकानदारास न पोचलेले असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाल्यास दर दिवसाला 100 रुपये भरपाई. माझे तिसऱ्या दिवशी आले. हे ठाऊक असते, तर मान खाली घालावी लागली नसती.

बटवा माझा आणि नाडी मुलाच्या हाती, हे मला त्या दिवशी उमगले. मुलाने ठरवलेला पिन मी बदलला, भाषा मराठी केली, खाते पाहावयास शिकले. तरी "व्यवहार प्रलंबित" असे येतेच. "पैसे वाटेत आहेत" लिहिले, तर काय बिघडेल?

एक गोष्ट गाठीस बांधा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मागेल तो ठक समजा. फसगत झालीच, तर लाज न धरता लगेच 1930 या क्रमांकावर कळवा.

मंडळाने आठवड्यातून एक तास या शिकवणीस द्यावा, ही माझी विनंती. पापड लाटणे आपण एकमेकींकडूनच शिकलो ना? हेही शिकू.