भीतीचा जमाखर्च



ज्यांचा जन्म मजुरीचे हिशेब मांडण्यात गेला त्यांनी भयपटांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण आमचा आजचा विषयही हिशेबाचाच आहे. थोड्या पैशांत मोठी भीती कशी उभी राहते आणि वाचलेला पैसा कोणाच्या खिशातला असतो, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट हा अमेरिकन लेखक १८९० साली प्रॉव्हिडन्स येथे जन्मला आणि १९३७ साली तेथेच दारिद्र्यात वारला. ‘द कॉल ऑफ क्थुल्हू’ ही त्याची कथा १९२६ सालची. ‘वीअर्ड टेल्स’ मासिकाने ती आधी परत केली व पुढे १९२८ साली छापली. त्याची भीती आपल्या मुंज्या-वेताळाची नव्हे. वेताळ रागावतो, नारळ दिला की शांतही होतो. म्हणजे त्याचे आपल्याशी काही नाते असते. लव्हक्राफ्टचे विश्व माणसाकडे ढुंकूनही पाहत नाही. या अफाट पोकळीत आपण कोणीच नव्हे, ही जाणीव हीच त्याची भीती. म्हणूनच जे दिसले ते शब्दांत सांगता येत नाही, असे त्याची पात्रे वारंवार म्हणतात.

मग जे सांगता येत नाही ते पडद्यावर दाखवावे कसे? गियेर्मो देल तोरो या दिग्दर्शकाने ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’वर सुमारे १५ कोटी डॉलरचा चित्रपट योजला होता. २०११ साली स्टुडिओने माघार घेतली. आमच्या मते यात नवल नाही. एवढा पैसा घालणारा सर्वांना रुचेल असे काही मागणार, आणि ही भीती तर कोणालाच दिलासा देत नाही.

उलट, २००५ साली एच. पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटी या चाहत्यांच्या मंडळीने ‘द कॉल ऑफ क्थुल्हू’ पडद्यावर आणला. दिग्दर्शक अँड्र्यू लेमन. खर्च सुमारे ५० हजार डॉलर झाल्याचे सांगतात. त्यांनी शहाणपण असे केले की कथा ज्या काळातली, त्याच काळात निघालेला वाटावा असा ४७ मिनिटांचा कृष्णधवल मूकपट केला. त्यातला राक्षस म्हणजे एक बाहुली; एकेका चित्रासाठी किंचित हलवून ती चालविलेली. आजच्या झगझगीत चित्रपटात तिला लोक हसले असते. मूकपटात ती शोभते. २०१० साली हुआन व्हू यांनी ‘डी फार्बे’ हा जर्मन चित्रपट काढला. मूळ कथेतला रंग पृथ्वीवर कोठेही न आढळणारा. तो कसा दाखवावा? त्यांनी सारा चित्रपट कृष्णधवल ठेवला आणि तेवढा एकच रंग पडद्यावर आणला!

पण म्हणून स्वस्ताई हा स्वतःच गुण ठरत नाही. १९६३ साली रॉजर कॉर्मन यांनी लव्हक्राफ्टची कादंबरी घेतली. पण चित्रपटाला एडगर अ‍ॅलन पो यांच्या कवितेचे नाव दिले गेले, कारण गल्ल्यावर पो यांचे नाव चालत होते.

आणखी एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. परदेशी, मिश्रवंशीय, गरीब खलाशांविषयी लव्हक्राफ्टने अत्यंत तुच्छतेने लिहिले आहे. गंमत अशी की त्याच कथेत पंडितांचे काही चालत नाही. शेवटी राक्षसाच्या अंगावर बोट घालतो तो योहान्सन नावाचा एक खलाशीच.

आता हिशेबाकडे वळू. संघटनेच्या कामात ‘खर्च कमी करा’ हे शब्द आम्ही पुष्कळदा ऐकले, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘मजुरी कमी करा’ असाच निघाला. चार मित्र आपल्या आवडीपायी राबतात आणि कृतीही त्यांचीच राहते, तेव्हा त्या श्रमाला आम्ही दान म्हणू. पण नफा एकाचा आणि रात्रीची जागरणे दुसऱ्यांची, अशी व्यवस्था असेल, तर तिला कलेचे नाव देऊ नये. ती जुनीच चोरी आहे.

म्हणून स्वस्तातला चित्रपट आपणांस आवडला, तर त्याची खुशाल तारीफ करा. फक्त शेवटी नामावळी सरकू लागली की उठू नका. ती नावे वाचा, आणि यांना दाम मिळाला काय, एवढे विचारा.