छत्रीबागेतली समाधी आणि मराठ्यांची यादवी

अलिबागच्या छत्रीबागेत सरखेल कान्होजी आंग्रे यांची दगडी समाधी आहे. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्याशी झुंजलेला दर्यासारंग म्हणून कान्होजींची ओळख सर्वांना आहे. मराठ्यांच्या आपसातल्या युद्धातही ते लढले होते, ही बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि गादीवरून त्यांचा ताराबाईंशी संघर्ष पेटला. कान्होजी ताराबाईंच्या पक्षात राहिले. 1713 मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून आले, तेव्हा कान्होजींनी त्यांनाच कैद केले आणि घाटमाथ्यावरचा लोहगडही घेतला. शाहूंच्या साताऱ्यालाच धोका निर्माण झाला. मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी तलवारीऐवजी बोलणी पुढे केली. तह झाला, पिंगळे सुटले आणि कान्होजी सरखेलपद व किल्ल्यांसह शाहूंचे झाले. त्या काळातला हा सर्वांत शहाणपणाचा तह म्हणावा लागेल, कारण त्यामुळे मराठ्यांचे आरमार अखंड राहिले.

कान्होजी 1729 मध्ये निवर्तले. पुढे पुत्र संभाजी आणि मानाजी यांच्यात वितुष्ट आले, तेव्हा आरमाराचीच वाटणी झाली. कुलाबा मानाजींकडे गेला, तर सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग संभाजींकडे. 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत संभाजींचे भाऊ तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने उभे होते.