कोरड्या मातीतील द्राक्षवेल : मेंडोझा आणि सोलापूर

सोलापूर जिल्ह्याची ओळख शाळेच्या भूगोलातून अवर्षणग्रस्त जिल्हा अशीच करून दिली जाते. त्याच जिल्ह्यात आज द्राक्षांचे मळे आहेत, बेदाणा सुकविण्याच्या शेड आहेत आणि अकलूजच्या परिसरात वाइननिर्मितीचा उद्योगही उभा राहिला आहे. हे कशामुळे शक्य झाले आणि पुढे कशाच्या बळावर टिकेल, हे समजून घेण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील एका प्रांताचे उदाहरण उद्बोधक ठरते.

अर्जेंटिनाच्या पश्चिमेस, अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंडोझा हा प्रांत आहे. तेथे वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. पर्वतावरील बर्फ वितळून येणारे पाणी हाच तेथील जीवनाधार होय. स्पॅनिश लोकांनी १५६१ मध्ये मेंडोझा नगर वसविले, त्यापूर्वीच तेथील मूळ रहिवासी हुआर्पे लोकांनी हे पाणी पाटांनी शेतात खेळविले होते. १८५३ च्या सुमारास फ्रान्समधून ‘माल्बेक’ ही द्राक्षजात तेथे आली. १८८५ मध्ये लोहमार्ग पोहोचला आणि इटली व स्पेनमधून आलेल्या स्थलांतरितांनी मळे वाढविले. या भरभराटीच्या ऐन प्रारंभी, १८८४ मध्ये, प्रांताने पाण्याचा कायदा केला. पाण्याचा हक्क जमिनीशी जोडला गेला आणि पाटावरील निरीक्षक पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनीच निवडावा, अशी पद्धत रूढ झाली. तेथील वाइनच्या कीर्तीमागे वाटपाची ही शिस्त आहे.

सोलापूरचे हवामान निराळे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात सरासरी पाचशे ते साडेपाचशे मिलिमीटर पाऊस होतो. मेंडोझाच्या दुपटीहून हा अधिक. परंतु तो बेभरवशाचा. १८७६-७७ आणि १९७२ चे दुष्काळ जिल्ह्याने सोसले. १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरूखचा तलाव, नीरेचा उजवा कालवा आणि १९८० मध्ये पूर्ण झालेले भीमेवरील उजनी धरण यांनी सिंचनाचा पाया घातला. त्यावर ठिबक सिंचनाची आणि दुष्काळ व क्षार सोसणाऱ्या ‘डॉगरिज’ खुंटाची भर पडली.

मेंडोझात हिवाळ्याच्या थंडीने वेल निद्रिस्त होते. सोलापुरात तशी थंडी नाही. म्हणून तिचे काम कात्रीला करावे लागते. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करते आणि ऑक्टोबरची फळछाटणी घड आणते. या दुहेरी छाटणीचे तंत्र शेतकऱ्यांनी आत्मसात केले, एवढेच नव्हे तर नव्या जातीही दिल्या. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ ही जात निवडीतून विकसित केली. सोलापूर, नान्नज आणि काळे या तीन नावांची आद्याक्षरे तिच्या नावात गुंफलेली आहेत. काळ्या द्राक्षांतील ‘शरद सीडलेस’ ही जातही त्यांचीच देणगी होय.

खाण्याचे द्राक्ष मोठे, बिनबियांचे व पातळ सालीचे असावे लागते. वाइनचे द्राक्ष लहान, बीयुक्त व जाड सालीचे. तांबडी वाइन करताना रस सालीसह आंबवितात. सालीतून रंग व तुरटपणा उतरतो आणि किण्वामुळे साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. पांढऱ्या वाइनसाठी साल आधीच वेगळी काढून रस कमी तापमानात आंबवितात. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर २००७ मध्ये इटली, दिल्ली व अकलूज येथील भावंडांनी एकत्र येऊन ‘फ्रातेली’ हा उद्योग उभारला. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे.

तथापि वाइनच्या जातीचा मळा लावलेल्या शेतकऱ्याचे ग्राहक मोजकेच असतात. ते द्राक्ष खाण्यासाठी बाजारात खपत नाही. म्हणून लागवडीपूर्वीच लेखी करार हवा. बेदाण्याचा मार्ग त्याहून मोकळा आहे. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो आणि तो शीतगृहात ठेवून भावाची वाट पाहता येते. मात्र अवकाळी पावसाचा धोका सर्वांनाच आहे. फळछाटणीनंतर पाऊस आला तर केवडा रोग घडांचा घास घेतो. मार्चमध्ये आला तर सुकत घातलेला माल काळवंडतो. शिवाय वाइन हे मद्यच आहे, याचे भान उद्योगाच्या कौतुकात सुटता कामा नये.

मेंडोझाची माती वा बर्फ सोलापूरला आणता येणार नाही. पाणी मोजून वाटण्याची त्यांची रीत मात्र आणता येईल. महाराष्ट्राने २००५ मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला आहे. धुळे-नाशिककडील जुनी फड पद्धतीही हाच धडा देते. पुढच्या दुष्काळात बाग तगेल की सरपणाला जाईल, याचा निर्णय त्या वर्षीच्या टँकरवर सोपवून चालणार नाही. तो गावाच्या पाणीवाटप संस्थेत आणि ग्रामसभेत, विहिरींना पाणी असतानाच, व्हावयास हवा.