घरातल्या रांगेचा न्याय

रेशनच्या दुकानात, नळावर, बँकेत रांगेत उभे राहण्याची आपल्याला सवय आहे. आज मला अशा एका रांगेबद्दल बोलायचे आहे, जी आपल्या घरातच असते पण डोळ्यांना दिसत नाही. भिंतीवर टांगलेला, दिवे लुकलुकवणारा राउटर आपण रोज पाहतो. ही रांग त्याच्या पोटात असते.

आमच्या डोणगावात काय किंवा मेहकर, चिखलीत काय, आता एकाच जोडणीवर अख्खे घर चालते. संध्याकाळी एकाचा सिनेमा सुरू असतो, दुसऱ्याचा मोबाइल दिवसभराचे फोटो वर चढवत असतो, मुलीचा क्लास सुरू असतो आणि आजी पुण्याच्या लेकीशी व्हिडिओवर बोलत असते. मग आजीचा आवाज तुटतो, चेहरा थिजतो. घरातले म्हणतात, 'स्पीड कमी आहे, मोठा प्लॅन घ्या.' पण दर वेळी दुखणे स्पीडचे नसते. पुष्कळदा ते रांगेचे असते.

इंटरनेटवरची प्रत्येक गोष्ट लहान लहान पाकिटे होऊन जाते. एक मोठे पाकीट साधारण 1500 बाइटचे. बाहेर जाण्याची वाट 1 एमबीपीएस असेल, तर असे एक पाकीट बाहेर पडायला 12 मिलिसेकंद लागतात. फोटोंची 100 पाकिटे आधीच रांगेत असली, तर आजीच्या शब्दाला सव्वा सेकंदाच्या आसपास थांबावे लागते. संभाषण सहज वाटायचे तर आवाज 150 मिलिसेकंदांच्या आत पोचला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा दंडक आहे. आवाजाला जागा फार लागत नाही. जुन्या डिजिटल टेलिफोनचे 64 केबीपीएसमध्ये भागत असे. त्याला हवे असते ते वेळेवर निघणे. फोटो दहा मिनिटे उशिरा चढले तर कुणाचे काय बिघडते?

साध्या राउटरचा नियम एकच असतो: जो आधी आला तो आधी गेला. हा नियम वाईट नाही. मशिदीत सफ उभी राहते तेव्हा आधी आलेला पुढे उभा राहतो, मग तो सावकार असो की मजूर. पण त्याच सफेत म्हातारे आणि आजारी असतात, म्हणून इमामाने नमाज फार लांबवू नये, अशीही शिकवण आहे. समान रांग आणि अडलेल्याची काळजी एकत्र नांदू शकतात.

प्राधान्याची कल्पना नवी नाही. ट्रंक कॉल आठवा. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते. 2013च्या जुलैत तारसेवा बंद झाली, त्या तारेतही साधी आणि एक्स्प्रेस असा भेद होता. जास्त पैसे मोजणारा पुढे जाई. इंटरनेटचा जो मूळ नियमग्रंथ 1981 साली निघाला, त्यातही प्रत्येक पाकिटावर तातडीच्या आठ पायऱ्यांपैकी एक लिहिण्याची सोय होती. 'रुटीन'पासून 'फ्लॅश' आणि त्याच्याही वर.

आजच्या बऱ्याच राउटरांत ही सोय 'क्यूओएस' म्हणजे 'क्वालिटी ऑफ सर्व्हिस' या नावाने असते. बोलणे, व्हिडिओ कॉल आणि शिकवणी वर ठेवायची, सिनेमा मध्ये, फोटो चढवणे आणि अपडेट खाली. त्यात एक मेख आहे. गर्दीच्या वेळी खरा वेग मोजावा आणि राउटरमध्ये त्याहून दहाएक टक्के कमी आकडा भरावा. नाहीतर रांग आपल्या राउटरमध्ये न लागता पुढे कंपनीच्या यंत्रात लागते, आणि तिथे आपले कोण ऐकणार? दुसरे असे की सगळ्यांनाच वरचा नंबर दिला, तर तो कुणालाच दिला नाही. यादी करायची नसेल, तर आळीपाळीने सोडणारी पद्धत असलेला राउटर पाहावा. तिची कल्पना जॉन नेगल यांनी 1985 साली मांडली होती. तिच्यात एकट्या सिनेमाला सगळी वाट अडवता येत नाही.

देशाच्या पातळीवरही हा प्रश्न आलाच. कोणती साइट पाहतो यावरून ग्राहकाला वेगळा दर लावू नये, असा नियम 'ट्राय'ने 8 फेब्रुवारी 2016 रोजी केला. 2018 साली सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्वही स्वीकारले: काही खास सेवांचा अपवाद सोडला तर कंपनीने पाकिटांत आवडते-नावडते करू नये. मग घरात आपण भेद करतो तो कसा चालतो? चालतो, कारण घरातली निवड आपली असते. पण म्हणूनच तिची जबाबदारीही आपली असते.

आणि खरा पेच इथेच आहे. राउटरला पाकीट कळते, माणूस कळत नाही. यादी भरतो तो घरातला कर्ता. आपल्याकडे बायका पंगतीत शेवटी बसत आल्या. 2020 साली शाळा बंद झाल्या, तेव्हा घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुले दोन-तीन, अशी वेळ कितीतरी कुटुंबांवर आली. तो आधी कुणाच्या हाती द्यायचा, हाही प्राधान्याचाच प्रश्न होता. कमावत्याची मीटिंग पहिली, मुलाचा गेम दुसरा आणि मुलीचा अभ्यास उरल्यावर, अशी यादी झाली, तर यंत्र ती बिनतक्रार पाळील. त्याला लाज नसते.

म्हणून राउटरचा पासवर्ड टाकण्याआधी एक करा. रात्री जेवताना सगळ्यांना विचारा, कुणाचे कोणते काम थांबू शकते आणि कुणाचे थांबू शकत नाही. मुलीला विचारा. आजीलाही विचारा, कारण लेकीचा तुटलेला आवाज ती मुकाट्याने सोसते, तक्रार करत नाही. सेटिंग बदलायला पाच मिनिटे पुरतात. विचारायला थोडा जास्त वेळ लागेल, तो द्या.